गुलाबी म्हटलं की गुलाबी

मराठी म्युझिक व्हिडिओचा दिग्दर्शक हा महाराष्ट्रातला सर्वांत आज्ञाधारक माणूस असावा. गीतकारानं चंद्र लिहिला की हा चंद्र दाखवतो. पाऊस लिहिला की टँकर मागवतो. ओठ म्हटलं की ओठ, पैंजण म्हटलं की पैंजण, आणि नजर म्हटलं की नायिका नेमक्या त्याच मात्रेला मान तिरकी करून बघते. 'काळीज' आलं की नायकाचा उजवा हात छातीवर. दर वेळी उजवाच. डावा मोकळा ठेवावा लागतो, कारण पुढच्या ओळीत 'दूर' हा शब्द येणार असतो आणि तेव्हा तो क्षितिजाकडे करायचा असतो.

पंचाईत होते ती भाववाचक नामांची. विरह, ओढ, जन्मोजन्मीचं नातं यांचा फोटो कसा काढणार? त्यावर आता इलाज निघाला आहे. ड्रोन! शब्द दिसण्यासारखा नसला की ड्रोन वर जातो. खाली हिरवा डोंगर, निळं पाणी, त्यात एक पांढरा ठिपका म्हणजे नायक आणि एक लाल ठिपका म्हणजे नायिका. प्रेम जितकं अवर्णनीय तितका ड्रोन उंच. पवना धरणाच्या काठी आजवर इतक्या जणांचा विरह चित्रित झाला आहे की पाटबंधारे खात्यानं त्याची वेगळी पातळी मोजायला हरकत नाही.

परीक्षेत 'चित्राचे वर्णन करा' असा प्रश्न असायचा. इथं उलटा पेपर आहे, वर्णन दिलंय, चित्र काढा. साडेतीन मिनिटांत एकच गोष्ट दोनदा सांगायची, एकदा कानाला आणि एकदा डोळ्याला. प्रेक्षक अगदीच मंद आहे अशी निर्मात्याची खात्री असावी. त्याला व्ह्यूज मिळतात, त्यामुळे ती खात्री चुकीची आहे असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही.

अँड्र्यू गुडविन नावाच्या अभ्यासकानं १९९२ साली म्युझिक व्हिडिओवर एक आख्खं पुस्तक लिहिलं. शब्द आणि चित्र यांचं नातं तीन तऱ्हांचं असतं, असं त्यानं मांडलं. पहिल्या तऱ्हेत चित्र शब्दांचं मुकाट्यानं ऐकतं. दुसरीत ते शब्दांत नसलेलं काही त्यात घालतं. तिसरीत ते शब्दांकडे ढुंकूनही बघत नाही. शिवाय कंपनीला कलाकाराचा चेहरा जवळून हवा असतो, कारण विकायचा तो असतो. इंग्लंडात शाळेच्या शेवटच्या वर्षांत माध्यमांचा अभ्यास हा विषय घेतला की मुलांना अशा गोष्टींवर उत्तरं लिहावी लागतात. तिकडची पोरं व्हिडिओ बघून मार्क मिळवतात. आपल्याकडची व्हिडिओ बघताना मार खातात.

खरं तर आपल्याला हे गुडविनसाहेबांकडून शिकायची गरज नव्हती. बैठकीच्या लावणीत हे सगळं आधीच होतं. गाणारी बसलेली. एकच ओळ ती चार वेळा घेते. पहिल्यांदा तीत रुसवा, दुसऱ्यांदा आर्जव, तिसऱ्यांदा समोर बसलेल्या शेटजीची टर, आणि चौथ्यांदा तिचं स्वतःचं असं काहीतरी, जे शेटजीला कळत नाही आणि मागच्या रांगेतल्या गड्याला बरोबर कळतं. शब्द तेच. वाईच्या यमुनाबाई वाईकर हे सारं हात आणि डोळे एवढ्या भांडवलावर करायच्या. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ओळ म्हणते 'या', डोळे म्हणतात 'या तर खरं, मग बघते'. या दोहोंच्या फटीत लावणी असते. आजच्या दिग्दर्शकाला ती ओळ दिली तर तो दरवाजा उघडताना दाखवेल.

आणि गीतरामायण? १९५५ पासून आकाशवाणी पुणे केंद्रावरून वर्षभराहून थोडा जास्त काळ आठवड्याला एक, अशी छप्पन्न गाणी लोकांनी नुसती ऐकली. गदिमांचे शब्द, बाबूजींची चाल, आणि अयोध्या ज्याची त्यानं आपापल्या माजघरात उभी केलेली. आज ते नव्यानं निघालं असतं तर वनवासाला ड्रोन गेलाच असता. सीतेच्या साडीचा प्रायोजकही मिळाला असता.

आपल्या प्रेक्षकाची आणखी एक घडण आहे. आवाज एकाचा आणि तोंड दुसऱ्याचं, याचं त्याला कधी काही वाटलं नाही. १९३५ च्या 'धूप छाँव'पासून हिंदी सिनेमानं पार्श्वगायन सुरू केलं आणि गाणाऱ्याला चेहऱ्याच्या जबाबदारीतून मोकळं केलं. लताबाई पांढऱ्या साडीत माइकपुढे उभ्या. पडद्यावर मधुबाला असो, मीनाकुमारी असो की आणखी कुणी. गाण्यातली 'मी' कोण, हा प्रश्न रेकॉर्डिंग स्टुडिओच्या बाहेरचा होता. अमेरिकेत १ ऑगस्ट १९८१ ला एमटीव्ही सुरू झाल्यावर गायकांना अचानक दिसावं लागलं म्हणून तिकडे केवढी चर्चा झाली. आपण पाऊणशे पैशांचं चित्रपटगीतांचं पुस्तक घेऊन छायागीत बघत बसलेलो. गाणं बघायचं असतं हे आपल्याला आधीच ठाऊक होतं. गाणाऱ्यालाही बघायचं असतं, हे मात्र नवं होतं.

ते कळलं नव्वदीत. केबल आली, एमटीव्ही आला, चॅनल व्ही आला, आणि आपल्याकडच्या गायकावर स्वतःचं तोंड दाखवायची पाळी आली. त्यानं काय केलं? बहुतेकांनी दुसरं तोंड शोधलं.

१९९५ चं 'मेड इन इंडिया' घ्या. गाणं अलिशा चिनॉयचं, संगीत बिद्दूचं, व्हिडिओ केन घोषचा. गाण्यातली बाई सांगते की मला दिल हवं तर भारतीय बनावटीचंच हवं. १९९१ मध्ये आयातीचे दरवाजे उघडून जेमतेम चार वर्षं झालेली, घराघरांत परदेशी शाम्पूच्या बाटल्या दिसू लागलेल्या, आणि ही राजकन्या टीव्हीवर स्वदेशीचा हट्ट धरून बसलेली. आता चित्र बघा. राजवाडा, दागदागिने, देशोदेशीचे उमेदवार. म्हणजे परदेशी प्रवाशाच्या डोक्यात जो भारत असतो तो सगळाच्या सगळा. शब्द म्हणतात आम्ही आमचे, आणि चित्र म्हणतं आम्ही तुम्हाला हवे तसे. शेवटी एका लाकडी खोक्यातून उघड्या छातीचा मिलिंद सोमण बाहेर येतो. स्वदेशी मालाचा अस्सल नमुना!

हा अस्सल नमुना जन्मला स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोला. लहानपणीची काही वर्षं विलायतेत काढून मग तो दादरला आला. संगीतकार बिद्दू मूळचा बंगळूरचा खरा, पण त्याचं नाव झालं लंडनमध्ये. १९७४ साली जगभर गाजलेलं 'कुंग फू फायटिंग' त्याच्याच हातून निघालेलं. खोक्यावरचा शिक्का कस्टमवाल्यांनी नीट तपासला असता तर माल बंदरावरच अडकला असता. दादरकरांनी मात्र याबद्दल कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. शिवाजी पार्कात मिलिंद सोमण राहत असेल तर तो ग्लासगोचा कसा काय?

माझा मुद्दा जन्मदाखल्याचा नाही. त्या साऱ्या व्हिडिओत सोमण एक अक्षर बोलत नाही. गाणं अलिशाचं, आवाज अलिशाचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत चेहराही अलिशाचाच. आज तीस वर्षांनी त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, आधी काय आठवतं? खोकं. शब्द, चित्र आणि चेहरा यांच्या भांडणात जो सर्वांत कमी बोलतो तो जिंकतो, हे राजकारणात उशिरा कळतं. म्युझिक व्हिडिओत पहिल्याच आठवड्यात कळलं.

फाल्गुनी पाठक यांनी याहून हुशारीनं वाट काढली. शर्ट, पँट, बारीक केस, हा त्यांचा दांडियाच्या मैदानावरचा वेश. तो त्यांनी व्हिडिओसाठी सोडला नाही. गाणी मात्र बांगड्यांची, पैंजणांची, पिया आठवण्याची. मग ज्या पायात पैंजण शोभेल तो पाय दुसरा आणला. 'चूडी जो खनकी'त रिया सेन. 'मैंने पायल है छनकाई'त कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणारी एक मुलगी. फाल्गुनीबाई बाजूला उभ्या राहून गातायत, हसतायत, जणू शेजारच्या पोरीचं प्रकरण आपल्याला कौतुकानं सांगतायत. गाण्यातली 'मी' गाणारीची नाहीच. कीर्तनकार सीतेचा शोक सांगताना लुगडं नेसत नाही, त्यातलाच हा प्रकार. आपल्याकडच्या लोकांना तो लगेच पटला यात नवल नाही.

दलेर मेहंदीनं तर हिशेबच उलटा केला. याचे व्हिडिओ चालतात ते त्यातल्या सुंदर नाचणाऱ्या मुलींमुळे, असं टीकाकार म्हणू लागले. मग १९९८ च्या 'तुनक तुनक तुन'मध्ये त्यानं एकही मुलगी घेतली नाही. चार माणसं घेतली. चारही दलेर मेहंदी. शब्दांना म्हणावा असा अर्थ नाही, मागच्या देखाव्याला शेंडाबुडखा नाही. आहे तो फक्त कलाकार, चौपट. पुढे 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या जगभर खेळल्या जाणाऱ्या खेळात एका परग्रहवासी जमातीच्या पुरुषांना दलेरचाच नाच दिला गेला. टीकेला इतकं सणसणीत उत्तर मराठी साहित्यात शोधून सापडणार नाही. आपल्याकडे लेखक खुलासा करतो.

या सगळ्या गलबल्यात एक व्हिडिओ वेगळा होता. लकी अलीचं 'ओ सनम', १९९६. शब्द सय्यद अस्लम नूर यांचे, दिग्दर्शक महेश मथाई. गाणं प्रेमाचं आणि हरवण्याचं. त्यात वाळवंट नाही, पिरॅमिड नाही, इजिप्तचा दूरान्वयानंही संबंध नाही. आणि व्हिडिओ सगळा इजिप्तमध्ये! आमच्या आज्ञाधारक दिग्दर्शकाला विचारलं असतं तर त्यानं सनम दाखवली असती, बसस्टॉप दाखवला असता, ओली छत्री दाखवली असती. मथाईंनी हजारो वर्षं जुन्या दगडांपुढे एक माणूस नेऊन उभा केला. त्या दगडांपुढे त्याचं दुःख इवलंसं दिसतं, आणि इवलंसं दिसतं म्हणून खरं वाटतं. ओळीत जे नव्हतं ते चित्रानं आणलं. ओळींना त्यानं धक्काही लावला नाही.

त्यातून आणखी एक झालं. लकी अली हा विनोदाचा बादशहा मेहमूद याचा मुलगा, आणि त्या एका व्हिडिओनं त्याला कायमचा भटक्या करून टाकलं. बापाच्या हसण्याची सावलीसुद्धा त्याच्यावर पडू दिली नाही. २०२० मध्ये गोव्यात कुणाच्या तरी मोबाइलवर टिपलेला त्याचा एक व्हिडिओ घरोघरी फिरला. पांढरी दाढी, हातात गिटार, तेच गाणं. पिरॅमिड नव्हते. बघणाऱ्यांना ते दिसलेच.

आता 'कांटा लगा'. मूळ गाणं १९७२ च्या 'समाधी' सिनेमातलं. मजरूह सुलतानपुरींचे शब्द, राहुलदेव बर्मनची चाल, लताबाईंचा आवाज, पडद्यावर आशा पारेख. खेड्यातली पोरगी, आडोसा, काटा रुतणं आणि त्या निमित्तानं बरंच काही. मजरूह तसे पक्के. काटा म्हणजे काटाच, असं कोर्टातही सिद्ध करता येईल इतपत सोय त्यांनी ठेवलेली. मे २००० मध्ये मजरूह गेले. २००२ मध्ये रीमिक्स आलं. आवाज नवा, ठेका नवा, जागा क्लबातली, दिग्दर्शक राधिका राव आणि विनय सप्रू, आणि चेहरा शेफाली जरीवाला या विशीच्या उंबरठ्यावरच्या मुलीचा. त्या व्हिडिओवरून घरोघरी रिमोटची पळवापळवी झाली, अग्रलेख झाले, संस्कृती धोक्यात आली. संस्कृती अशीच अधूनमधून धोक्यात येते आणि अग्रलेख छापून झाला की परत जागेवर जाते.

ओरड झाली ती कपड्यांवरून. माझी तक्रार वेगळी आहे. मूळ गाण्यात गंमत होती ती न दाखवण्यात. शब्द आडून बोलत होते आणि ऐकणारा मनातल्या मनात पुरं करत होता. रीमिक्सच्या कॅमेऱ्यानं ऐकणाऱ्याला ते कष्ट ठेवलेच नाहीत. आडून बोललेलं समोर आणून ठेवलं की ते चावट तरी कुठलं राहतं? क्लबात काटा कुठून आला, हेही कुणी विचारलं नाही. शब्द तिथं होते ते केवळ लोकांना पाठ होते म्हणून.

आणि त्या मुलीचं काय झालं? लिहिलं मजरूहनी, गायलं दोघींनी, चाल बर्मनची. पण गाणं झालं तिचं. ते इतकं तिचं झालं की पुढे तिनं काहीही केलं तरी नावाआधी तेच लागायचं. जून २०२५ मध्ये ती गेली, वय चाळिशीतलं. मथळ्यांत नावाच्या आधी गाणं होतं. प्रतिमा बनवणारा व्हिडिओ साडेतीन-चार मिनिटांचा असतो. ती उतरवायला आयुष्य पुरत नाही.

मॅडोनाचंही हेच. 'मटेरियल गर्ल'च्या १९८५ च्या व्हिडिओत ती मेरिलिन मन्रोच्या एका प्रसिद्ध गाण्याची नक्कल करते, अंगभर हिरे, भोवती कोटवाले पुरुष. गाणं म्हणतं मला पैसेवालाच हवा. पण व्हिडिओची गोष्ट नीट बघितली तर ती शेवटी भाळते साध्या फुलांवर आणि जुनाट ट्रकवर. म्हणजे चित्रानं शब्दांची सरळ खिल्ली उडवली होती. जगानं खिल्ली बाजूला ठेवली, हिरे उचलले आणि बाईंच्या गळ्यात ते नाव कायमचं अडकवलं. उपरोध लिहिणाऱ्यांनी यातून काय घ्यायचं ते घ्यावं. मी घेतलं आहे.

मुंबईच्या रॅप करणाऱ्या पोरांनी शब्द, चित्र आणि चेहऱ्याचा हा हिशेब काही काळ तरी मोडला होता. कुर्ल्याच्या नेझीनं २०१४ साली 'आफत' आयपॅडवर केलं. गल्ली तीच, पोरं तीच, भाषा तीच. पाठोपाठ २०१५ मध्ये अंधेरीच्या जे. बी. नगरचा डिव्हाइन आणि नेझी मिळून 'मेरे गली में' घेऊन आले. त्यात गल्लीचं चित्र शब्दांसारखंच होतं, पण ते आज्ञाधारकपणातून आलेलं नव्हतं. गल्ली हाच पुरावा होता, की बोलणारा खोटं बोलत नाही. मग २०१९ मध्ये 'गली बॉय' आला. गाणं तेच, चेहरा रणवीर सिंगचा, आणि गोष्ट धारावीतली. कुर्ला आणि जे. बी. नगर कॅमेऱ्याला बहुधा पुरेसे गरीब वाटले नाहीत.

इकडे महाराष्ट्रात २०२४ मध्ये 'गुलाबी साडी' आलं आणि सगळे अंदाज कोसळले. जळगाव जिल्ह्यातला संजू राठोड, स्वतःच लिहिणारा, स्वतःच गाणारा. वरवर बघितलं तर आमच्या आज्ञाधारक संप्रदायातलाच व्हिडिओ: शब्दांत साडी गुलाबी, पडद्यावर साडी गुलाबी. मीही आधी नाक मुरडलं. पण गाण्यात ती बाई नेमकं काय म्हणते ते ऐका. ती आपल्या माणसाला सांगते, मी छान दिसतेय, माझा फोटो काढ. बस! हा शृंगार नाही, ही शूटिंगची ऑर्डर आहे. आणि ती साऱ्या महाराष्ट्रानं मानली. नवऱ्या मुली, त्यांच्या सासवा, आज्या, शाळेतल्या बाई, मळ्यात खुरपणाऱ्या बाया, ज्यांच्याकडे गुलाबी साडी होती त्यांनी ती काढली आणि ज्यांच्याकडे नव्हती त्यांनी आणली. मूळ व्हिडिओ कुठल्या कुठे राहिला. गाण्याला लाखो व्हिडिओ मिळाले, आणि प्रत्येकातली बाई खरंच छान दिसत होती. हे गाणं चित्रासाठी लिहिलं आहे, चित्राबद्दल नाही. दिग्दर्शकाला बाद करणारा गीतकार मराठीत बऱ्याच दिवसांनी आला, आणि त्याबद्दल त्याला कुठलाही साहित्य पुरस्कार मिळणार नाही.

आता भाऊंकडे वळू. वळावंच लागतं, चौकात फ्लेक्स असतो. भाऊंच्या वाढदिवसाचं गाणं हा आज महाराष्ट्रातला सर्वांत भरभराटीचा म्युझिक व्हिडिओ आहे आणि समीक्षकांनी त्याच्याकडे अक्षम्य दुर्लक्ष केलं आहे. शब्द ठरलेले: वाघ, ढाण्या, किंगमेकर, गरिबांचा कैवारी. चित्र: पांढरे कपडे, काळी गाडी, दार आतून कुणीतरी उघडतं, आधी बूट, मग अंगठ्या, मग गॉगल. सगळं संथ गतीत. भाऊ हात जोडतात तेही संथ गतीत, त्यामुळे नमस्कार पोचेपर्यंत समोरचा मतदार स्थलांतरित होतो. 'वाघ' या शब्दाला खरा वाघ लागतो. तो कुठल्या तरी वन्यजीवपटातून उचललेला असतो आणि बहुतेकदा आफ्रिकेतला सिंह निघतो. गरिबांच्या कैवाराला एक म्हातारी लागते. तिच्या खांद्यावर हात. दर वर्षी तीच म्हातारी असते की कसं, याची चौकशी एकदा व्हायला हवी. कैवार चालू असेल तर तिची साडी तरी बदलली असती.

पण या प्रकारात शब्द, चित्र आणि प्रतिमा यांची जी एकजीव बैठक आहे ती बेफाम आहे. तिघंही एकच बोलतात, एकाच आवाजात, आणि तिघांचंही बिल एकाच नावावर निघतं.

याउलट जिथं हे तिघं आपापलं बोलू लागतात तिथं सरकारं समीक्षा करायला बसतात. जुलै २०१७ मध्ये आरजे मलिष्कानं मुंबईच्या खड्ड्यांवर एका गाजलेल्या मराठी गाण्याचं विडंबन केलं. पालिकेवर तुझा भरवसा आहे का, एवढंच मुंबईला विचारलं. पालिकेनं उत्तरादाखल तिच्या घरी माणसं पाठवली. घरात डासांच्या अळ्या सापडल्या, नोटीस निघाली. व्हिडिओतले खड्डे कुणी नाकारले नाहीत. फक्त गायिकेच्या कुंड्या तपासल्या. कलाकाराच्या प्रतिमेचा इतका सखोल अभ्यास एखाद्या विद्यापीठानंसुद्धा केला नसता.

एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे या छत्रपती संभाजीनगरच्या रॅपरवर अंबरनाथला गुन्हा दाखल झाला. त्याच्या रॅपमध्ये चोर होते, खोके होते. नाव कुणाचंही नव्हतं. ना शब्दांत, ना चित्रात. नाव पुरवलं ते तक्रारदारानं. शब्दांत नसलेला अर्थ बाहेरून आणून घालणं, ही गुडविनची दुसरी तऱ्हा. ती आपल्याकडे पोलीस ठाण्यात पुरी होते.

मग चांगला व्हिडिओ म्हणजे कोणता? मला विचाराल तर मी कडूबाई खरात यांचं नाव घेईन. याही छत्रपती संभाजीनगरच्याच. हातात एकतारी, अंगावर साधी साडी, डोक्यावर पदर, मागं कसलाही सेट नाही. मोबाइलवर टिपलेलं गाणं. त्या गातात की भीमानं माझी ओटी सोन्यानं भरली. आता चित्रात सोनं शोधा. गुंजभरही नाही. आमचा आज्ञाधारक दिग्दर्शक तिथं असता तर त्यानं भाड्यानं दागिने आणले असते आणि गाणं तिथंच मेलं असतं. सोनं दिसत नाही म्हणूनच ते कसलं आहे ते कळतं. शाळा, संविधान, ताठ मान, यातलं काहीही पडद्यावर नाही. एक बाई आहे आणि ती गातेय, एवढ्यात ते सगळं आहे. प्रतिमा घडवायला कुणी स्टायलिस्ट नव्हता. ती बाई जशी होती तशी दिसली. तो व्हिडिओ पाहून कितीतरी घरांत लोकांनी डोळे पुसले. त्यात ड्रोन नव्हता हे सांगायला नकोच.

तेव्हा एक विनंती. पुढच्या वेळी नवा मराठी व्हिडिओ आला की आधी आवाज बंद करून बघा, मग डोळे मिटून ऐका. दोन्ही वेळा तेच आणि तेवढंच कळलं तर त्यातला एक खर्च फुकट गेला असं समजा, आणि निर्मात्याला तसं कळवा. ड्रोनचं एका दिवसाचं भाडं वाचलं तरी त्या पैशांत एक काम नक्की होईल: गीतकाराचं नाव पडद्यावर वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरांत, निदान तीन सेकंद. सध्या ते केशरचनाकाराच्या खाली असतं, आणि ते वाचेपर्यंत पुढचा व्हिडिओ सुरू झालेला असतो.